पात्यावरचं कुंकू

मी फिलर गेज बोलतोय. नाही ओळखलंत? हरकत नाही. ज्या घरात माझं आयुष्य गेलं, त्या घरातही मला "ते चाकूसारखं काहीतरी" एवढंच म्हणतात. चाकू म्हणावं, तर मी काही कापत नाही. पट्टी म्हणावी, तर लांबी मोजत नाही. मी फट मोजतो. दोन लोखंडी वस्तूंच्या मध्ये जी रिकामी जागा असते, जी तुम्हाला डोळ्यांनी धड दिसतही नाही, ती किती आहे हे सांगणं एवढंच माझं काम.

माझं रूपही साधंच. मुठीत मावेल असं एक आवरण आणि त्यात एका खिळ्यावर ओवलेली पोलादाची पातळ पाती. उघडली की पंख्यासारखी पसरतात. प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली आहे. माणसं आपली जाडी लपवण्यासाठी काय काय खटपटी करतात ते मी पाहिलंय. मी मात्र ती अंगावर कोरून उजळ माथ्यानं फिरतो. माथा म्हणजे आपलं बोलायचं हो. मला तसा माथा नाही, आणि पुढची सगळी भानगड त्यामुळेच झाली.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यातला. तिथं मला घासलं, घासलं आणि पुन्हा घासलं. केसाच्या एका बारीकशा हिश्शानं जाड निघालेली माझी भावंडं भंगारात गेली. एवढ्या कडक परीक्षेतून पार पडल्यावर आपल्याला एखाद्या विमानाच्या कारखान्यात मानाची जागा मिळेल असं मला वाटलं होतं. मिळाली बडोद्यात, मांडवीच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात, पान्यांच्या आणि उंदराच्या पिंजऱ्यांच्या मधोमध. दुकानदार मला रोज फडक्यानं झटकायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "एकदम फॉरेन जेवुं!" म्हणजे अगदी परदेशी मालासारखं. मी जालंधरचा आहे हे मला सांगावंसं वाटे, पण धंद्यात मध्ये बोलू नये.

तिथून मला पिलाजीरावांनी उचललं. पिलाजीराव टेलिफोन खात्यात होते, पण ते कुणालाही तसं सांगत नसत. त्यांचे आजोबा जुन्या संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. ही गोष्ट पिलाजीराव बोलण्याच्या तिसऱ्या वाक्याच्या आत आणतात. दूधवाल्याशी बोलतानाही आणतात. तेव्हा त्यांनी नवी स्कूटर घेतली होती, आणि स्कूटरचे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठीच्या दोन टोकांमधली फट, घरीच सेट करणं हा त्या काळी पुरुषार्थाचा भाग समजला जाई. एका रविवारी त्यांनी अंगणात मोठ्या थाटात मला बाहेर काढलं, माझी दोनतीन पाती स्कूटरच्या पोटात खुपसली, "हं, बरोबर आहे," असं स्वतःशीच म्हणाले आणि झाकण लावलं. त्यानंतर स्कूटर सुरू झाली नाही. ती मेकॅनिककडे ढकलत न्यावी लागली. मी कपाटाच्या खालच्या खणात गेलो.

खणातलं आयुष्य कसं असतं विचारू नका. पिलाजीरावांच्या पत्नी, येसूबाई, यांनी माझ्या सर्वांत जाड पात्यानं डब्याच्या तळाला चिकटलेली चिक्की सोडवली. त्यांचा मुलगा समरजित यानं माझ्यावर शाळेच्या चित्रकलेचा रंग कालवला. एकदा कुणीतरी माझं मधलं पातं दातांत घालून शेंगदाण्याचा कण काढला. नाव सांगत नाही, पण ते घोडेस्वारांचे नातू होते.

वर्षातून एक दिवस मात्र माझी चंगळ असे. तो म्हणजे खंडेनवमी, दसऱ्याच्या आदला दिवस. लढवय्यांच्या घरांत त्या दिवशी शस्त्रांची पूजा होते. या घरात शस्त्र म्हणून आजोबांची एक तलवार आहे, तीही म्यानातून निघत नाही, कारण गंजून बसलीय. एकटी तलवार पाटावर बरी दिसत नाही म्हणून तिच्याभोवती घरातली सगळी हत्यारं मांडतात. पाने, पक्कड, हातोडी, येसूबाईंची विळी, कात्री आणि मी. सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं. दसऱ्याची पूजा आटपेपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही, असा कायदा. वर्षभर ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना एक दिवस हात न लावण्याचा केवढा हा मान! दसरा संपला की आम्ही परत खणात.

आणि मग यायचं सीमोल्लंघन. पूर्वी आजोबा घोड्यावर बसून गावाच्या वेशीबाहेर जात, आपट्याची पानं घेऊन परत येत आणि मग घरच्या बायका त्यांना ओवाळत. घोडा गेला, सायकल आली. सायकल गेली, स्कूटर आली. वाहनं बदलली, पण जाणारा घरातला पुरुष आणि ओवाळणारी घरातली बाई, हे काही बदललं नाही.

घरात संयोगिता होती. समरजितची धाकटी बहीण. लहान होती तोवर ती दर दसऱ्याला स्कूटरवर बाबांच्या पुढे उभी राहून जायची, आपट्याच्या झाडापर्यंत आणि परत. मग एका दसऱ्याला येसूबाईंनी तिच्या हातात ताट दिलं आणि म्हणाल्या, "आता मोठी झालीस." त्या दिवशी ती फाटकाशी ताट घेऊन उभी होती आणि स्कूटरवर समरजित होता. मी तेव्हा पाटावरून तिचा चेहरा पाहिला होता. पुढं तिनं यंत्रांचं शिक्षण घेतलं, कोयलीकडच्या एका कंपनीत मोठमोठ्या पंपांची देखभाल करू लागली, हाताखाली माणसं आली. तरी दसऱ्याला फाटकाशी ताट घेऊन उभी राहायचीच. दरवर्षी ती हसत ओवाळायची आणि दरवर्षी मला वाईट वाटायचं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही.

आता एटीव्हीचं सांगतो. समरजित विमा विकतो. पावागडच्या पायथ्याशी एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथली एटीव्ही त्यानं उचलून आणली. एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांची फटफटी. शहरातल्या रस्त्यावर ती चालवायची परवानगी नाही, हे त्याला ती घरी आल्यावर कळलं. पण त्यानं त्यावरही तोड काढली. सोसायटीच्या मागच्या फाटकातून एक कच्ची वाट शेतात जाते, त्या शेताच्या बांधावर आपट्याचं झाड आहे. झालं. पूर्वी मुलखाच्या सीमा लढाईनं ठरत, आता आरटीओच्या भीतीनं ठरतात.

"बाबा, घोडा आणलाय," तो म्हणाला.

पिलाजीरावांनी गाडीभोवती एक फेरी मारली. हँडलवर हात ठेवला. डोळे भरून आले त्यांचे. मग बटण दाबलं. घोडा घुर्र घुर्र करत राहिला, पेटला नाही.

घटस्थापनेच्या दिवशी पिलाजीराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या गुडघ्यांनी दगा दिलाय. यंदा मी बसणार नाही. ज्याच्या हातानं हा घोडा चालू होईल, त्याच्या डोक्याला घरचा फेटा."

ते बोलताना त्यांचं तोंड समरजितकडे होतं. पण वाक्य घरभर गेलं. आत संयोगिता डबा भरत होती. तिचा हात थांबला.

समरजित लगेच कामाला लागला. म्हणजे फोन घेऊन बसला. फोनमधला कुणी गोरा माणूस त्याला सांगत होता की इंजिनाच्या डोक्यावर दोन वाल्व असतात, एक हवापेट्रोल आत घेणारा, एक धूर बाहेर टाकणारा. त्यांना दाबून उघडणारा जो दांडा फिरत असतो तो कॅम. वाल्व मिटलेला असताना त्याच्या आणि त्याला दाबणाऱ्या टॅपेटच्या मध्ये अगदी बारीक फट लागते. फटच उरली नाही, तर वाल्व पूर्ण मिटत नाही, दाब गळतो आणि इंजिन पेटत नाही. रिसॉर्टवाल्यांनी ही फट कधी तपासलीच नव्हती. एवढं सगळं त्या गोऱ्या माणसानं नीट सांगितलं होतं. पण समरजितनं तेवढ्यात दुसरा व्हिडिओ लावला.

दुसरा व्हिडिओ टायमिंग चेनचा होता. ही चेन कॅम फिरवते. समरजितला ती जरा सैल वाटली. त्यानं कॅमचं दातेरी चक्र सोडलं, चेन काढली, कौतुकानं पाहिली आणि परत चढवली. चढवताना एक दाता सरकला. एकाच दात्याचा फरक, पण आता वाल्व भलत्याच वेळी उघडायला लागले. बटण दाबल्यावर इंजिन शिंकायचं. पुढच्या बाजूनं एक, मागच्या बाजूनं एक. शेजारचे हसमुखभाई गच्चीवरून म्हणाले, "समरभाई, घोडाने शरदी थई गई?"

मला खणातून बाहेर काढलं ते संयोगितानं. अष्टमीला तिची सुट्टी होती. सगळं बडोदा आदल्या रात्री गरबा खेळून दमून झोपलेलं, आणि ही सकाळच्या उन्हात अंगणात गोणपाट अंथरून बसलेली. तिनं मला उघडलं, पेट्रोलच्या फडक्यानं एकेक पातं पुसलं. चिक्कीचा अंश होता, तोही गेला. इतक्या वर्षांत कुणीतरी माझ्या अंगावरचे आकडे वाचत होतं. काय वाटलं सांगू? पोलादाला जे वाटायला नको ते सगळं वाटलं.

काम तिचं बघण्यासारखं होतं. आधी तिनं प्लग काढला, म्हणजे इंजिन हातानं अलगद फिरतं. बाजूच्या भोकातून आतल्या चाकावरची टी अक्षराची, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचल्याची, खूण दिसेपर्यंत फिरवत गेली. खूण दिसल्यावर तिथंच खूश झाली नाही, जसा तिचा भाऊ झाला होता. ही खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते, आणि त्यातली एकच कामाची. तिनं कॅमकडे पाहिलं. कॅमचे दोन्ही उंचवटे मान खाली घालून बसलेले असले, दोन्ही वाल्व मिटलेले असले, तरच जागा बरोबर. मग तिनं चक्र सोडलं, दाता सरकवला, चक्रावरच्या दोन रेघा इंजिनाच्या काठाला समांतर आणल्या, चेन ताणली आणि सगळं पुन्हा हातानं फिरवून पाहिलं. खुणा जागच्या जागी.

मग माझी पाळी. तिनं माझं एक पातं टॅपेटच्या फटीत सरकवलं. फट नव्हतीच तिथं, मी अडलो. तिनं नट सैल केला, स्क्रू किंचित फिरवला, पुन्हा मला सरकवलं. वहीच्या पानांतून मोरपीस ओढून काढताना जेवढं अडतं, तेवढंच मी अडायला हवा. अधिक नाही, उणं नाही. ती मला सारखी पुढं मागं करून बघत होती आणि ओठ दाताखाली धरलेला होता. "बस. असाच राहा," ती म्हणाली. मला म्हणाली. नट आवळला, मला पुन्हा सरकवून पाहिलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

घोडा पहिल्या दाबाला पेटला. असा आवाज की हसमुखभाईंचं पोपटाचं पिल्लू पिंजऱ्यात उडालं.

ओट्यावरून पिलाजीराव उठून उभे राहिले. संयोगितानं त्यांच्याकडे पाहिलं. तोंडाला काळं लागलेलं, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत तीच स्कूटरवर पुढं उभी राहणारी मुलगी.  विचारायची गरजच काय, शब्द त्यांनीच दिला होता.

"शाब्बास," पिलाजीराव म्हणाले. मग म्हणाले, "आता समरला एकदा चालवायची प्रॅक्टिस दे."

तुम्हाला वाटेल, आता हा गेज बापलेकीमधली फट मोजायला बसणार. मुळीच नाही. माझं सर्वांत जाड पातं एक मिलिमीटरचं आहे. तिथं माझं काय पुरतं?

 संयोगितानं माझ्यावर तेलाचं बोट फिरवलं, पाती पंख्यासारखी उघडी करून ओट्याच्या कठड्यावर ठेवली आणि हात धुवायला आत गेली. मोरीतला नळ बराच वेळ वाहत होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. येसूबाई हत्यारं गोळा करत आल्या, मला तसंच उघडं उचललं आणि पाटावर मांडलं. "किती छान दिसतंय ग हे, पंख्यावाणी!" त्या म्हणाल्या. दरवर्षी कुंकू माझ्या आवरणाला लागे. यंदा पाती उघडी, चकचकीत, म्हणून त्यांनी प्रेमानं थेट पात्याला लावलं. आणि नेमकं त्याच पात्याला, ज्यानं आदल्या दिवशी टॅपेटची फट बसवली होती. वर तेल होतंच. कुंकू तेलात कालवलं गेलं आणि त्याचा छान जाड लेप बसला. भक्तीला मोजमाप नसतं, ठीक आहे. पण मला असतं ना!

दसऱ्याची सकाळ उजाडली. बडोद्यात दसऱ्याच्या सकाळी माणसं फाफडाजिलेबीच्या रांगेत उभी असतात. संयोगिताही तिकडेच गेली होती. पूजा आटपली होती, हत्यारांना हात लावायची मुभा झाली होती. समरजितनं घोडा क्षणभर चालू करून पाहिला. आतून टिकटिक आवाज येत होता. कुठल्याशा व्हिडिओत टिकटिक म्हणजे बिघाड असं त्यानं ऐकलं होतं. आणि खरं सांगायचं, तर बहिणीनं चालू केलेल्या गाडीवर फेटा बांधून बसायचं त्यालाही जड जात होतं. आपला निदान एक हात लागलेला असावा, असं वाटलं त्याला. माणूस वाईट नाही हो तो. नुसता हौशी आहे.

त्यानं मला पाटावरून उचललं. पात्यावर कुंकवाचा लेप. तो पुसायला त्यानं फडकं घेतलंही, तेवढ्यात समोर येसूबाई निरांजन घेऊन उभ्या. आईच्या देखत, दसऱ्याच्या दिवशी कुंकू पुसायचं? या घरात कुंकू पुसणं हा शब्दसुद्धा कुणी तोंडातून काढत नाही. समरजितनं फडकं खाली ठेवलं आणि कुंकवासकट मला फटीत घातलं.

मी ओरडत होतो. आकडा एक सांगतोय आणि जाडी भलतीच आहे, अरे, मी या घडीला मी नाही! पण हत्याराचं कोण ऐकतं? तो लेपासकट माझ्या मापानं स्क्रू सैल करत गेला. फट हवी त्याच्या कितीतरी पट झाली. झाकण लावलं, हात झटकले आणि तो फेटा बांधायला आत गेला.

दुपारी विजयमुहूर्ताला सगळी सोसायटी मागच्या फाटकाशी जमली. समरजित एटीव्हीवर, डोक्याला जरीचा फेटा. पिलाजीराव काठी टेकून, छाती काढून. येसूबाई शेजारी. आणि फाटकाशी ताट घेऊन संयोगिता. तिनं भावाला टिळा लावला, ओवाळलं, ताट कमरेला टेकवून बाजूला झाली. मला कुणीतरी एटीव्हीच्या मागच्या कॅरिअरवर ठेवलेलं होतं, त्यामुळे सगळं जवळून दिसत होतं.

समरजितनं बटण दाबलं.

ठक्.

पुन्हा दाबलं. ठक्. इंजिन फिरेचना. भिंतीला डोकं आपटल्यासारखा एकच आवाज यायचा आणि गप्प.

"बॅटरी उतरी गई लागे छे," हसमुखभाई म्हणाले आणि हातातली जिलेबी संपवून आपल्या कारची वायर घेऊन आले. वायर जोडली. ठक्. मग प्रत्येकानं एकेक मत दिलं. कुणी पेट्रोल म्हणालं, कुणी ढकला म्हणालं, एकानं नजर लागल्याचंही सुचवलं. पिलाजीरावांचा चेहरा उतरत चालला. पिढ्यांचं सीमोल्लंघन कधी चुकलं नव्हतं, आणि आता मागच्या फाटकाशी अडलं होतं.

संयोगितानं ताट फाटकाच्या कठड्यावर ठेवलं.

"दादा, वाल्वला हात लावलास?"

"नाही ग. म्हणजे, जरासा. टिकटिक येत होती म्हणून."

"टॅपेटची थोडी टिकटिक येणारच, दादा. येईनाशी झाली की घाबरायचं." ती जवळ आली. तिला बहुतेक आवाजावरूनच कळलं होतं. या इंजिनात एक सोय असते. सुरू होताना एक छोटीशी कळ धुराच्या वाल्वला किंचित उचलून धरते, म्हणजे आतला दाब कमी होतो आणि स्टार्टरला इंजिन फिरवता येतं. फट फार वाढली, की ती कळ वाल्वपर्यंत पोचतच नाही. मग स्टार्टर नुसता धडका मारतो. "फट कशानं मोजलीस?"

समरजितनं माझ्याकडे बोट केलं. तिनं मला उचललं, ते पातं उघडलं. लालभडक.

"पुसलं नाहीस?"

"आई समोर उभी होती ना," समरजित हळूच म्हणाला.

संयोगितानं खिशातून फडकं काढलं. तिथं जमलेल्या साऱ्या बायकांचा श्वास एकदम आत गेला.

"संयोगिता!" पिलाजीराव म्हणाले. "फडकं खाली ठेव. दसऱ्याच्या दिवशी पूजेचं कुंकू पुसतात होय? घरात सवाशीण बाई उभी आहे."

"बाबा, कुंकवासकट माप येत नाही."

"नसू दे. अंदाजानं कर. मुहूर्त चाललाय. आणि समर बसलाय तसाच बसू दे, तू नुसती चालू करून दे."

ती तशीच उभी राहिली. एका हातात मी, दुसऱ्या हातात फडकं.  नुसती चालू करून दे. किती सोपं वाक्य आहे नाही? पूजा करून खणात टाकतात ती हत्यारं, एवढंच मी आजवर समजत होतो.

तिनं फडकं खाली केलं आणि आईकडे पाहिलं. 

येसूबाई पुढं आल्या. त्यांनी मला लेकीच्या हातातून घेतलं आणि डाव्या तळव्यावर आडवं धरलं. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखानं त्यांनी पात्यावरचं कुंकू हळूहळू खरवडलं. टोकापासून खिळ्यापर्यंत, एक कण सोडला नाही. नखाशी तेलकट लाल गोळी जमली. ती त्यांनी बोटावर घेतली आणि संयोगिताच्या कपाळावर लावली, वरच्या दिशेनं, पुरुषांना लावतात तसा लांब टिळा.

"पुसलं नाही हं मी," त्या पिलाजीरावांकडे न बघता म्हणाल्या. "जिथं लावायचं होतं तिथं लावलं. इतकी वर्षं जागा चुकत होती."

मग समरजितकडे वळल्या. "समर, उतर खाली. ताट धर."

समरजित उतरला. सुटल्यासारखा उतरला, खरं तर. मग संयोगितानं पेट्रोलच्या फडक्यानं माझ्यावरचा उरलासुरला तेलकटपणा काढला आणि याला कुणीच हरकत घेतली नाही. सकाळनंतर इंजिन सुरूच झालं नव्हतं म्हणून गार होतं, ते एक बरं. ही फट गार इंजिनातच मोजायची असते. तिनं झाकण खोललं, टी ची खूण आणली, कॅमची मान खाली आहे ना बघितलं. उजेड कमी पडत होता म्हणून कुणीतरी मागून मोबाइलचा टॉर्च धरला. पाठोपाठ काठी टेकल्याचा आवाज आला. तिनं मागं न बघता, "जरा डावीकडे, बाबा," म्हटलं. टॉर्च डावीकडे गेला.

मी फटीत सरकलो. अडलो, जेवढा अडायला हवा तेवढाच. बस, असाच राहा.

घोडा पेटला.

पिलाजीराव समरजितनं उतरवलेला फेटा हातात घेऊन उभे होते.   संयोगितानं तोवर हेल्मेट घातलं होतं.

"ते काढ," ते म्हणाले.

"नाही काढणार, बाबा. वाट खडबडीत आहे."

पिलाजीरावांनी जरीचा फेटा उकलला आणि सगळ्या सोसायटीसमोर तो हेल्मेटवरूनच बांधू लागले. घसरत होता, पुन्हा बांधत होते. फार विचित्र दिसत होतं ते. हसमुखभाईंनी लगेच फोटो काढला.

समरजितनं ओवाळलं. उलट्या बाजूनं ओवाळलं, पण चालेल. संयोगिता कच्च्या वाटेनं धूळ उडवत आपट्याच्या झाडाकडे गेली आणि मी मागच्या कॅरिअरवर होतो. खंडेनवमीला वर्षानुवर्षं पाटावर बसलेल्या मी पहिल्यांदाच सीमोल्लंघन केलं.

आता माझा मुक्काम खणात नसतो. एटीव्हीच्या सीटखालच्या पिशवीत असतो. माझ्या त्या पात्यावर कोरलेल्या आकड्यात थोडं लाल राहून गेलंय, पेट्रोलनंही निघालं नाही. त्यानं मापात फरक पडत नाही, मी पाहिलंय. पिलाजीराव अजून दूधवाल्याला आजोबांची गोष्ट सांगतात, पण हल्ली चौथं वाक्य लेकीचं असतं.

तुमच्याही घरात माझ्यासारखे असतील. दसऱ्याला काढा आम्हाला, मांडा पाटावर, फुलं वाहा. पण एरवीही कधी वापरा, वापरण्याआधी पुसा आणि दात कोरायला दुसरं काहीतरी घ्या. आणि कुंकू लावताना हात जरा थांबवा. मला कपाळ नाही. तुमच्या फाटकाशी ताट घेऊन जी उभी आहे, तिला आहे.